मास्तरांच्या अक्षरातली पत्रं

१

कुळगीच्या गुणा गावकराला आयुष्यात आलेलं ते चौथं पत्र. वाचता येत नव्हतं, म्हणून पाकीट न फोडता कमरेला खोचून तो सकाळभर रान तुडवत कुंभेगाळीच्या टपालघरात आला.

१९१० सालचा मार्गशीर्ष होता. कारवारकडच्या सुपे पेठ्यातल्या, म्हणजे तालुक्याच्या पोटभागातल्या, त्या लहानशा गावात शाळा आणि टपालघर एकाच छपराखाली होतं, आणि दोन्ही कामं एकच माणूस बघायचा. आता तो माणूस होता बाबुराव, खानापूरकडून तीन आठवड्यांपूर्वी बदलून आलेला. आधीचे उमाजी मास्तर कार्तिकात वारले होते.

बाबुरावांनी पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"गुणा गावकर, मुक्काम कुळगी, यांस. श्रावणात तुमच्या नावे बेळगावहून एक पत्र आले, भाद्रपदात दोन. ती कुणी फोडली नाहीत. पण कुठून आली, कुणी धाडली, कोणत्या तारखेस आली, हे एका वहीत लिहून सरकारात कळवले आहे. पेठ्यात पुष्कळांचे असे लिहिले जाते. लिहिणारा मीच. सांभाळून असा."

बाबुराव थांबले.

"कुणाचं हाय?" गुणाने विचारलं.

बाबुरावांची नजर खालच्या सहीवरून समोरच्या भिंतीवर गेली. तिथे मुलांसाठी लिहिलेली बाराखडी टांगली होती. तिच्यातल्या 'ळ'ची दुसरी गाठ जरा आत वळून पोटात शिरलेली होती. पत्रातल्या प्रत्येक 'ळ'ची गाठ तशीच होती.

पाकिटावरचा शिक्का कालचा होता. तो बाबुरावांनी स्वतःच मारला होता. आणि खाली सही होती, उमाजी मास्तर.

२

पुढे दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी एकेका गावात एकेक पत्र पोचत गेलं. नऊ आठवड्यांत नऊ.

मेलेला माणूस पत्रं लिहितो म्हटल्यावर लोकांनी शाळेच्या वाटेने जाणं सोडलं. ज्यांना जावंच लागे ते पेटीत टपाल टाकून मागे न बघता निघत. पण भुताचं भय हळूहळू ओसरलं आणि वहीचं भय वाढत गेलं. भावाला काय लिहिलं, मामाने काय धाडलं, आपलं नाव कुणाच्या नावाशेजारी चढलंय, हे प्रत्येक जण मनाशी आठवू लागला. आश्विनात गुंदच्या वासूला पोलीस का घेऊन गेले, याचा उलगडा लोकांना आता होत होता. वासू परत आला नव्हता. कारवारच्या कोठडीत सतराव्या दिवशी तापाने गेला, एवढाच निरोप त्याच्या बापाला, लाडूला, मिळाला होता.

फाल्गुनात परशू हवालदाराने कान्हूला धरलं. कान्हू टपालाची थैली घेऊन सुप्याहून कुंभेगाळीला पळत येणारा डाकवाला. बावीस वर्षं त्याने ती वाट तुडवली होती. सरकारी गुपित फोडल्याचा आरोप त्याच्यावर आला. शाबीत झाला तर तुरुंग ठरलेलाच होता.

पण टपाल खात्याच्या माणसावर खटला भरायचा तर खात्याची चौकशी लागते. म्हणून बेळगावहून विठ्ठलराव हुक्केरीकर आले. टपाल इन्स्पेक्टर, वय पन्नाशीचं, बोलणं कमी. आल्या दिवशी त्यांनी शाळेच्या ओसरीवर वळकटी टाकली आणि हवालदाराने दिलेली नऊ पत्रं ओळीने मांडली.

"मास्तर मेला त्याला चार महिने झाले," हवालदार म्हणाला. "म्हणजे पेटीत पत्र टाकणारा जिता माणूस हाय. टपालघरात रोजची ये-जा कान्हूची हाय. आनि काय पायजे?"

"अक्षर?"

"कुणाकडनं तरी गिरवून घेतलं असंल."

विठ्ठलराव चौकीत जाऊन कान्हूसमोर बसले. त्यांनी त्याच्या हातात एक पाकीट दिलं. "कुणाचं आहे हे? पत्ता वाच."

कान्हूने पाकीट हातात फिरवलं आणि उलटं धरून बघत राहिला. "सायेब, मला वाचाय येत न्हाई. आधी मास्तर सांगायचे, आता बाबुराव सांगतात, पयलं कुळगीचं, दुसरं गुंदचं. तसं मी लावून घेतो. मला कागद समदे सारकेच."

"मग वहीत काय आहे, हे तुला कसं ठाऊक असणार?"

"वही हाय, ह्येच मला त्या पत्रांनी कळलं," कान्हू म्हणाला. "माजं नाव बी नसंल तिच्यात. मला तर कोन पत्र धाडीत बी न्हाई."

३

विठ्ठलरावांनी बाबुरावांकडे वही मागितली. बाबुरावांनी आधी आढेवेढे घेतले, मग टेबलाच्या खणाचं कुलूप काढलं.

जाड पुठ्ठ्याची साधी वही. तारीख, कुणाला, कुठून, कुणी धाडलं. मजकुराचा एक शब्दही नाही. कार्तिकापर्यंत उमाजी मास्तरांचं गोल अक्षर होतं, पुढे बाबुरावांचं बारीक. महिनाअखेरीस हवालदार येऊन उतरवून नेई.

"आम्ही एकसुद्धा पत्र फोडलं नाही, रावसाहेब," बाबुराव म्हणाले. "नुसतं वरचं लिहितो. त्यात काय जातं कुणाचं?"

विठ्ठलराव पानं उलटत होते. गुंदच्या वासूचं नाव प्रत्येक महिन्यात एकदा होतं. कुठून, तर मुरगाव; कुणी धाडलं, ती जागा कोरी. मुरगाव म्हणजे गोवा, पोर्तुगीजांचा मुलूख. नांगर धरणाऱ्या माणसाला दर महिन्याला परमुलखातून पत्र का यावं? कुणी साहेबाने ती ओळ वाचून हाच प्रश्न विचारला असणार, आणि आपल्या मनाने त्याचं उत्तरही देऊन टाकलं असणार. त्या दिवसांत बाँब आणि पिस्तुलं यांच्या पलीकडे सरकारला दुसरं काही सुचत नव्हतं.

"या खणाजवळ कोण येतं?"

"मी. हवालदार. कान्हू थैली ठेवायला दारापर्यंत. आणि मास्तरांची बायको झाडलोट करायला येते, तुळजाबाई. पण ती अंगठेबहाद्दर. मास्तरांच्या मृत्यूच्या कागदावर तिने माझ्यासमोर अंगठा उठवलाय."

तुळजाबाई शाळेमागच्या खोलीत राहत. मास्तरांमागे त्यांना कुणी नव्हतं. चाळिशीच्या, उंच, हाताला कामाचे घट्टे. विठ्ठलराव दाराशी बसले, त्या उंबऱ्याच्या आत.

"मास्तर कशाने गेले?"

"जेवंनात. गुंदचा वासू गेल्याचा सांगावा आला, त्या दिसापासनं आमचे शाळेतले ताटावर बसायचे आनि उठायचे. म्हैनाभर त्येच. मग ताप भरला."

"काही बोलले?"

"एकदा म्हनाले, मी गप बसलो. येवडंच."

"ही पत्रं कोण लिहितं, तुम्हाला काय वाटतं?"

तुळजाबाईंनी पदर सारखा केला. "गावात म्हंत्यात तेच लिवत्यात. आसंल. त्यांचा जीव अडकलाय हितं."

दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव गुंदला गेले. धाकलू नावाच्या म्हाताऱ्याने घराच्या आढ्यातून एक पाकीट काढून दिलं. हवालदाराच्या भीतीने त्याने ते लपवलं होतं. गेल्याच आठवड्यात आलेलं, दहावं पत्र.

विठ्ठलरावांनी ते उभ्या उभ्या वाचलं. 'ळ'ची गाठ तशीच पोटात शिरलेली. पण मजकूर होता, "माघ वद्य पंचमीस तुमच्या नावे हल्याळहून एक पत्र आले."

आधीच्या नऊ पत्रांत कार्तिकापुढची एकही तारीख नव्हती. ती मास्तरांनी जिवंतपणी लिहून ठेवली असतील, असं विठ्ठलरावांनी मनाशी धरलं होतं. माघात मात्र मास्तरांच्या चितेची राखसुद्धा उरली नव्हती.

४

तिसऱ्या दिवशी, कान्हूच्या जागी थैली दारात टाकून जाणाऱ्या सुप्याच्या पोराने आणलेल्या टपालात विठ्ठलरावांना घरचं पत्र आलं. पत्नी रुक्मिणीबाईंचं. तीन दिवसांतलं दुसरं. त्यांची थोरली मुलगी सासरचा मार असह्य होऊन रात्रीत घरी निघून आली होती. ही गोष्ट त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती. पत्र वाचून त्यांनी ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

चौथ्या दिवशी सकाळी बाबुरावांनी पेटी उघडली, आणि त्यातलं एक पाकीट घेऊन ते तसेच ओसरीवर आले. 

पाकिटावर नाव होतं, विठ्ठलराव हुक्केरीकर, मुक्काम कुंभेगाळी.

"तुमच्या नावे बेळगावहून रुक्मिणीबाईंची दोन पत्रे आली. एक सोमवारी, एक बुधवारी. दोन्ही वहीत चढली. घरी काय घडले, ते वहीत नाही. पण काहीतरी घडले, हे वाचणाऱ्यास कळेल. कळावे. शाळेतले मास्तर."

विठ्ठलरावांनी पत्राची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "बाबुराव, माझी पत्रंही लिहिलीत?"

"हुकूम आहे, रावसाहेब. येईल ते प्रत्येक. तुमचं वगळलं असतं, तर हवालदाराने मलाच विचारलं असतं."

विठ्ठलरावांनी नकळत आतल्या खिशावर हात ठेवला. पत्र तिथेच होतं, कुणी पाहिलेलं नव्हतं. तरीही भर माणसांत कुणीतरी आपल्या माजघराचं दार ढकललं, असं त्यांना वाटत राहिलं. हवालदाराने महिनाअखेरीस ती ओळ वाचली असती. बेळगावात कुणी कुणाला विचारलं असतं, हुक्केरीकरांकडे काय चाललंय?

त्यांना वासू आठवला. कधी न पाहिलेला.

मग ते उठले, दहाव्या पत्राशेजारी हे अकरावं ठेवलं आणि दोन्ही पुन्हा पुन्हा वाचली. दुपारी त्यांनी बाबुरावांना एवढंच सांगितलं, "मला कळलंय. हवालदार सुप्याहून परत यायच्या आत मला तुळजाबाईंशी बोलायचंय."

५

तुळजाबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. विठ्ठलराव पायरीवर बसले.

"बाई, आज आलेलं पत्र कान्हूने लिहिलेलं नाही. तो मी येण्याआधीपासून चौकीत कोंडलेला आहे. हवालदाराचंही नाही. तो सोमवारीच सुप्याला गेला, आणि माझं दुसरं पत्र आलं बुधवारी. उरले बाबुराव आणि तुम्ही. बाबुरावांना ते लिहायचं असतं, तर माझं नाव वहीत चढवलंच नसतं."

"मला लिवता येत न्हाई, सायेब."

"मास्तरांचं पूर्ण नाव काय होतं?"

तुळजाबाईंचा भात पसरणारा हात थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमाला ठावं हाय की."

"ठाऊक आहे. तुम्ही सांगा."

"न्हाई घेत आमी."

"तेच," विठ्ठलराव म्हणाले. "पहिल्या नऊ पत्रांखाली उमाजी मास्तर अशी सही आहे. ती त्यांनी स्वतः लिहिली. पण दहाव्या आणि अकराव्याखाली नाव नाही. शाळेतले मास्तर, एवढंच आहे. मास्तरांचं अक्षर हुबेहूब काढणारा चोर त्यांचं नाव लिहायला कशाला कचरेल? नवऱ्याचं नाव घेत नाही, ती बायकोच कचरेल. आणि पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलताना त्यांना शाळेतलेच म्हणालात."

तुळजाबाई खाली बसल्या. भाताचे दाणे हाताला चिकटले होते, ते एकेक काढत राहिल्या.

"त्यांनीच शिकिवलं," त्या म्हणाल्या. "दार लावून. बाई लिवती म्हनून गाव हसंल, आपल्यातच ठेवू, म्हनाले. त्यांचंच अक्षार गिरिवलं, म्हनून माजं तसंच झालं. अंगठा मागितला तवा अंगठा दिला. कुनी इचारलं न्हाई, सही येती का म्हनून."

"पहिली नऊ?"

"त्यांच्या कापडाच्या पेटीत घावली. नावं घालून, बंद करून ठेवली हुती. धाडायचं धाडस न्हाई झालं त्यांना. मी बाजाराच्या दिवशी येकेक टाकली. मग बगते तर वही चालूच. झाडताना खणाची किल्ली घावायची. मग मी लिवली."

"माझं पत्र?"

"कान्हूला सोडवाया. त्यो आत असताना पत्र पडलं, तर त्यो न्हवं हे कळंल, असं वाटलं. आनि तुमाला बी कळाया पायजे हुतं."

विठ्ठलरावांनी मान हलवली. "मास्तर म्हणाले, मी गप्प बसलो. कशाबद्दल?"

तुळजाबाईंनी भातातला एक खडा वेचून टाकला. परसातल्या फणसावर माकडं उड्या मारत होती.

"वासूला लिवता येत न्हवतं," शेवटी तुळजाबाई म्हणाल्या. "त्याची पत्रं हेच लिवायचे, आलेली हेच वाचून दावायचे. मुरगावची पत्रं त्याच्या भनीची. केशरची. क्यासलराकला, गोव्याच्या शिवंवरच्या ठेसनात, रेल्वेत काम करनाऱ्या परजातीच्या मानसाबरुबर ती मुरगावला गेली. बापानं, लाडूनं, तिचं नाव टाकलं. वासू चोरून लिवायचा. मास्तर, बाला कळू दिऊ नका, म्हनून त्यानं हेंच्याकडनं वचन घेतलं हुतं."

"म्हणजे पोलीस आले तेव्हा..."

"यांना समदं ठावं हुतं. भनीची पत्रं हायत, येवडं म्हनले असते तर सुटला असता त्यो. हे वचनात अडकले. वाटलं, दोन दिसांत सोडतील. आनि वासू बी बोलला न्हाई. बापाला कळंल म्हनून. दोगं बी गप बसले."

६

हवालदार संध्याकाळी येणार होता. विठ्ठलरावांकडे दुपार होती.

खरं लिहिलं तर तुळजाबाई तुरुंगात जातील. काहीच लिहिलं नाही तर कान्हू जाईल. त्यांनी बाबुरावांना वही ठेवण्याचा हुकूम दाखवायला सांगितलं. बाबुरावांनी एक कागद दिला. कागद टंकलेला होता. त्यावर सही नव्हती, जावक क्रमांक नव्हता, कुठल्या कचेरीचं नावही नव्हतं.

"टपालाला हात लावायचा तर लेखी, सहीचा हुकूम लागतो," विठ्ठलराव म्हणाले. "हा हुकूमच नाही. ज्याने काढला, त्याला स्वतःचं नाव कुठे चढायला नको होतं."

त्यांनी तपासणीची वही उघडली आणि सावकाश लिहिलं. सोबतची नऊ पत्रे मयत टपालमास्तरांच्या हातची असून अक्षर दप्तराशी पडताळले. मयतावर खटला चालत नाही. डाकवाला कान्हू निरक्षर व निर्दोष. टपालघरात हुकमाविना ठेवलेली एक वही सापडली, ती आज बंद करून ताब्यात घेतली. खाली त्यांनी पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख घातली.

दहावं आणि अकरावं पत्र त्यांनी तुळजाबाईंच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं. तुळजाबाईंनी दोन्ही आत सारली.

याची किंमत विठ्ठलरावांना पुढे मोजावी लागली. वर्षाच्या आत त्यांचा हुद्दा उतरला आणि सिंधकडे बदली झाली. पण त्या संध्याकाळी हवालदाराला कान्हूला सोडावं लागलं, आणि कान्हू चौकीतून निघाला तो सरळ टपालघरात येऊन थैली मागू लागला.

थैली जवळजवळ रिकामी होती, आणि पुढचे काही आठवडे तशीच राहिली. वही बंद झाल्याचं गावोगाव सांगूनही लोक लिहीनात. वही गेली म्हणजे दुसरी आली असेल, असं ते म्हणत, आणि निरोप बाजारकऱ्यांच्या तोंडी धाडत.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी विठ्ठलरावांनी खण तपासला. तळाशी चार बंद पत्रं होती, पोर्तुगीज तिकिटाची, सगळी वासूच्या नावे.

"कुणी न्यायला आलं नाही," बाबुराव म्हणाले. "परत धाडायलाही माझा हात उचलेना."

तुळजाबाई दारात उभ्या होत्या. "तिला ठावंच न्हाई भाऊ गेलाय ते. कोन लिवनार? वहीत नाव चढंल म्हनून समदी भ्यालेली."

विठ्ठलरावांनी कोरा कागद, दौत आणि टाक टेबलावर ठेवला आणि बाजूला झाले. बाबुरावांनी दौतीचं झाकण काढून दिलं. तुळजाबाईंनी चार ओळी लिहिल्या. खाली सही करताना थांबल्या, मग लिहिलं, तुळजा, मुक्काम कुंभेगाळी.

चैत्र अर्धा झाल्यावर केशर आली. क्यासलरॉकपर्यंत आगगाडीने, पुढे चालत, कडेवर पोर. गुंदला बापाच्या अंगणात येऊन उभी राहिली. वाटेत कुंभेगाळीहून तुळजाबाईही तिच्याबरोबर आल्या होत्या.

लाडू ओसरीवर दोर वळत होता. त्याने मान वर केली नाही. गावातली चार माणसं कुंपणापाशी जमली.

"त्यो तुला लिवायचा?" दोर वळता वळता लाडूने विचारलं.

"दर म्हैन्याला," केशर म्हणाली.

"काय लिवायचा?"

केशरने गाठोडं सोडलं. पत्रांची जुडी सुतळीने बांधलेली होती. तिलाही वाचता येत नव्हतं. तिथे वाचणारी एकच होती. केशरने जुडी तुळजाबाईंच्या हातात दिली.

तुळजाबाईंनी वरचं पत्र काढलं. आपल्या माणसाचं अक्षर बघून त्या क्षणभर थबकल्या. मग कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि ती गुमान आपापल्या वाटेने गेली. अंगणात तिघंच उरली.

"पोरी, ही तुजी हायत," त्या म्हणाल्या. "बापासमोर वाचू का? न्हाई म्हनलीस तर घडी घालून परत देते."

केशरने बापाकडे पाहिलं. लाडूने हातातला दोर खाली ठेवला होता.

"वाचा," ती म्हणाली.